नव्या पातेल्यावरचं नाव

इतिहासाची साधने तीन: भौतिक, लिखित आणि मौखिक. माझ्या नववीच्या वर्गाला झोपेतून उठवलं असतं तरी हे वाक्य त्यांनी घडाघडा म्हटलं असतं. मात्र त्यातलं एकही साधन कुणी हातात धरलेलं नव्हतं. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. सुरतेतल्या आमच्या मराठी शाळेत बहुतेक मुलं खानदेशातून आलेल्या लूम कामगारांची. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती आणि वर्गात पुस्तकी मराठी. अर्धी मुलं मला ‘बाई’ म्हणत, अर्धी ‘बेन’. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा त्या पोपटपंचीचा मला असा वैताग आला की मी पुस्तक मिटलं आणि सांगितलं, “उद्या प्रत्येकाने घरातलं एक नाव घातलेलं भांडं आणायचं.”

आपल्याकडे लग्नात भांडं नुसतं देत नाहीत. कोणी दिलं, कोणाला दिलं, कशानिमित्त आणि केव्हा, हे त्यावर टिंबाटिंबांनी कोरून घेतात. दिलेलं कुणी विसरायला नको ना! शिलालेखच तो, फक्त त्यात वरण शिजतं. फळ्यावर मी चार प्रश्न लिहिले: कोणी लिहिलं? कोणासाठी? केव्हा? आणि काय लिहिलेलं नाही?

दुसऱ्या दिवशी वर्गाचा भांडीबाजार झाला. पोचे आलेले तांबे, बूड काळवंडलेली पातेली, कान तुटलेला एक डबा. कोरलेल्या जागी खडूची भुकटी चोळायची आणि तळव्याने पुसून टाकायची, की अक्षरं पांढरी होऊन वर येतात, हे मी दाखवलं. मग काय, एकाला आजोबांचं गाव सापडलं, एकीला न पाहिलेल्या आत्याचं नाव. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. हुशार आणि थोडी तोऱ्यातली. तिचं पातेलं आरशासारखं लखलखत होतं. घरातली वापरातली भांडी चेपलेली, ती आणायची लाज वाटली, म्हणून आई कामावर असताना तिने खाटेखालच्या पेटीतून हे जुन्या साडीत गुंडाळलेलं काढलं होतं. तिने ऐटीत खडू चोळला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आधी मामाचं नाव. मग ‘चि. सौ. कां.’ आणि पुढे तिचं स्वतःचं नाव. वर्ग खो खो हसला. तिनेही हसत पुढे वाचलं, “हिच्या शुभविवाहानिमित्त, अक्षय तृतीया.” त्यापुढे साल होतं, येणारं.

मागून एक मुलगा ओरडला, “बाई, कोरणाऱ्याने साल चुकवलं!”

आणि मी, इतिहासाची शिक्षिका, साधनातली चूक कशी ओळखायची हे रंगात येऊन समजावू लागले. दोन वाक्यांनंतर माझं तिच्याकडे लक्ष गेलं. ती तीच अक्षरं पुन्हा पुन्हा पुसत होती, खडू लावत होती, पुन्हा पुसत होती. मग तिने हळूच विचारलं, “बाई, हे माझंच आहे?”

चौदा वर्षांची पोर. साल चुकलेलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर लिंबायतला तिच्या घरी गेले. रागाने माझं डोकं भणभणत होतं. घर म्हणजे एक खोली. सचिन भागातल्या लूमवर रात्रपाळी करून आलेले तिचे वडील डोक्यावरून चादर घेऊन झोपले होते, त्यामुळे मला कुजबुजत भांडावं लागलं. कुजबुजत भांडणं फार अवघड.

आई नुकतीच कामावरून आली होती. पातेलं पाहून ती दचकली, पण शरमली मुळीच नाही. “आखाजीले करनं शे, बाई.” आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. मामा भाऊबीजेला आला होता, सुरतेत भांडी स्वस्त, म्हणून पातेलं घेऊन, नाव घालून इथेच ठेवून गेला. पोरीला मागाहून सांगणार होते. “मन्हं बी याच वयमा व्हयनं,” ती म्हणाली, “काय वाईट व्हयनं?” मी कायदा सांगितला, दहावीचं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. उलट तिने कोपऱ्यातला पितळी हंडा अभिमानाने पुढे ओढला. “हाऊ मना बापनी देयेल शे. मन्हं नाव शे त्यावर. वाचा.” तिला वाचता येत नव्हतं.

मी काही म्हणायच्या आत मुलीने डब्यातलं चिमूटभर पीठ घेऊन हंड्यावर चोळलं. तिने वाचलं: आजोबांचं नाव, ‘यांजकडून जावई’, मग वडिलांचं नाव, ‘यांस सप्रेम भेट’. गाव. तारीख. ती थांबली.

“आनि मन्हं?”

मुलीने हंडा सगळा फिरवून पाहिला. “माय, तुन्हं नाव नही शे.”

फळ्यावरचा चौथा प्रश्न, ‘काय लिहिलेलं नाही?’, माझ्याच अक्षरात होता. तो लिहिताना मला कोण हुशारी वाटली होती! आता त्याचं उत्तर माझ्यासमोर उकिडवं बसलं होतं आणि मला त्याच्याकडे बघवेना. मायने एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. “इतला वरीस मी मन्हं म्हनीसन घासं,” ती म्हणाली. चिंच लावून, रोज.

मग तिने मला विचारलं, “आनि पोरनं? त्या पातेलावर नक्की शे?”

“आहे,” मी म्हणाले.

तिने ते नवंकोरं पातेलं उचललं, त्यात पाणी ओतलं आणि वातीचा स्टोव्ह पेटवला. मी जवळजवळ ओरडलेच. वापरलेलं भांडं लग्नात देत नाहीत, हे तिला काय मी सांगायचं? स्टोव्ह भगभगला आणि लखलखीत बुडावर काजळी चढू लागली. तिने चहा-साखर टाकली.

“आते हाई वापरेल व्हयनं,” ती शांतपणे म्हणाली. “मामाले नवं लेनं पडी. टाईम लागी.”

चहाच्या वासाने वडील जागे झाले. तिने त्याच पातेल्यातला पहिला कप त्यांच्या उशाशी नेऊन ठेवला. मुलगी दहावीच्या परीक्षेला बसली, तोवर मामाचं नवं पातेलं आलेलं नव्हतं.