तपासणारा म्हणून माझं नाव

मित्रांनो, सकाळपासून माझा नुसता जळफळाट होतोय. ती या ग्रुपवर नाही म्हणून लिहितोय.

ती म्हणजे मोताळ्याची मीनल. कर्नलचं, म्हणजे लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्याच्या कोडचं काम मीच तिला नांदुऱ्यात माझ्या घरी बसवून शिकवलं. माझा कोड चार महिने पडून आहे, कुणी वाचतही नाही. तिचा पहिलाच कोड आज कर्नलमध्ये घेतला!

मशीनवर कोणते नेटवर्क सॉकेट, म्हणजे नेटवर्कच्या जोडण्या, उघडे आहेत, कोणते अडकलेत, त्याची यादी तिचा कोड दाखवतो. पंधरा दिवसांपूर्वी तिनं तो मला तपासायला दिला होता. मी चालवून पाहिला, तर बंद होता होता अडकलेले सॉकेट यादीत येतच नव्हते.

तेवढ्यात तिचा फोन आला. "दादा, पाह्यलं का? काही चुकलं असंन तर सांगजा."

मी म्हटलं, "हाव, बराबर आहे."

मनात म्हटलं, कोड मंजूर करणारे वरचे लोक चूक पकडतील, कोड परत येईल, जिरेल हिची. पण कुणीच पकडलं नाही.

आज मंजूर झालेला कोड उघडला. आमच्यात लिहिणाऱ्याच्या नावासोबत तपासणाऱ्याचं नावही लावतात. तिनं माझं लावलंय. चार महिने ज्यासाठी धडपडलो ते नाव शेवटी कर्नलमध्ये लागलं, तेही या चुकीखाली.

मघाशी तिचा मेसेज आला, "दादा, आपल्या दोघायचं नाव लागलं! पेढे घेऊन येऊन राह्यली."

ती बसमध्ये बसलीय. सांगा, दार उघडल्यावर आधी काय बोलू?