सुरुंगात झोपलेलं पिल्लू

माझे वडील बहिरे आहेत, आणि त्यांचे कान म्हणून मी जे कुत्रं निवडून आणलं तेही बहिरंच निघालं.

बाबांनी चिखल्याच्या खाणीत आयुष्यभर सुरुंग उडवले. कान तिथेच गेले, वर छातीत धूळ बसली. पुढे आईच त्यांचे कान झाली. दारात कोणी आलं की ती त्यांच्या खांद्याला हात लावायची, कुकरच्या शिट्ट्या बोटांवर मोजून दाखवायची. मागच्या वर्षी आई गेली. पहिल्याच महिन्यात बाबांनी तीनदा भात जाळला. मी त्यांना भंडाऱ्याला न्यायला आलो, तर ते जागचे हलेनात. शेवटी तोड निघाली की, शिट्टी झाली किंवा दार वाजलं की येऊन सांगेल असं कुत्रं पाळायचं. जमलं तर बाबा चिखल्यात राहतील, नाही तर बोऱ्याबिस्तर बांधून माझ्याकडे.

पूडलच हवं, हे माझ्या बायकोने मोबाइलवर वाचून ठरवलं. त्याचे केस फारसे गळत नाहीत, म्हणजे खोकल्याला बरं. शिवाय हुशार, शिकवलं की शिट्टी ऐकून लुंगी ओढेल. (लग्नाआधी तिने माझ्याबद्दल एवढं वाचलं असतं तर आज सुखात असती!)

खाणीच्या कॉलनीतच एका फोरमनकडे पूडलची चार पिल्लं होती. बायकोने बजावलं होतं, मागून टाळी वाजवून बघा. पण आम्ही पडलो खाणीची माणसं, टाळीने आमचं काय होणार? आमच्याकडे तान्हं मूल सुरुंगाच्या आवाजात झोपून राहिलं तर खमकं निघालं म्हणून साखर वाटतात. (मी असा किंचाळलो होतो म्हणे, की बाबांनी त्याच दिवशी मला कारकून करायचं ठरवलं.) पाळी सुटली की खाणीत सुरुंग उडतो, तेव्हा आम्ही त्याची वाट पाहत बसलो. सुरुंग उडाला, फळीवरची ताटं वाजली. तीन पिल्लं खाटेखाली पळाली, त्यातलं एक वाटेत मुतलं. चौथं गोधडीवर घोरत होतं.

"हेच," मी म्हणालो.

बाबांनी त्याला उचलून छातीशी धरलं. आई गेल्यापासून ते पहिल्यांदा हसले, आणि त्याचं नाव ठेवलं भोंगा.

पंधरा दिवस कुकर शिट्ट्या मारत राहिला आणि भोंगा भिंतीकडे बघत राहिला. आधी वाटलं, गर्विष्ठ आहे. मग तुमसरला जनावरांच्या डॉक्टरकडे नेला. डॉक्टरांनी त्याच्यामागे स्टीलचा ट्रे आपटला. मी दचकलो, भोंगा नाही. जन्मापासूनच बहिरा, असं सांगताना डॉक्टर कुत्र्याकडे नाही, माझ्याकडे दयेने बघत होते.

मी म्हटलं, परत देऊ, दुसरं घेऊ. बाबांनी माझ्या ओठांवरून ते ओळखलं.

"मी बहिरा झालो तवा तुह्या मायनं मले वापस केलं होतं का?"

मग मी एक महिन्याची मुदत दिली, आणि गेलो अडीच महिन्यांनी. दार आतून बंद. कडी वाजवली, हाका मारल्या, कौलांवर खडे टाकले. शेजारी जमले, कोणी म्हणालं दार तोडा. भाताचा करपट वास बाहेर येत होता. आईनंतर आता हेही, असं मनात आलं. धावत मागच्या खिडकीशी गेलो. बाबा खुर्चीत डुलक्या घेत होते, भोंगा पायाशी. तेवढ्यात त्याने नाक वर केलं, उठला आणि लुंगी ओढू लागला. बाबा उठले, गॅस बंद केला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्यांना खिडकीत माझं तोंड दिसलं.

दार उघडल्यावर मी हातवारे करून तणतणलो. अर्धा तास बाहेर उभा आहे. ह्याला भाताचा वास येतो, माझा येत नाही?

"भात रोज रायते घरात," बाबा शांतपणे म्हणाले. "तुहा वास त्याले कसा मालूम राहीन?"

मला रडू आलं. बोऱ्याबिस्तराचा विषय मी काढलाच नाही. निघताना भोंग्याला ओळख राहावी म्हणून अंगातला शर्ट त्याच्या गोधडीवर ठेवला आणि बाबांची बंडी घालून एसटीत बसलो.

दिवाळीला गेलो, तेव्हा बाबा त्याच शर्टाने फरशी पुसत होते.