पंच, ब्रेक आणि क्लाउसची बॅग

नकली माल पकडला की तो सील होऊन कोर्टात जातो. किस्से मात्र आमच्याच ऑफिसात साठतात! परळला आमची छोटी वकिली फर्म. परदेशी ब्रँडचा डुप्लिकेट माल सापडला की पोलिसांना घेऊन धाड घालायची, तिकडच्या कस्टम्सलाही कळवायचं, हे आमचं काम. कांबळे मॅडम बॉस, मी त्यांचा ज्युनियर.

दादरला एका दुकानात धाड टाकली. मालक भडकला, "डुप्लिकेट काय म्हणता? फर्स्ट कॉपी आहे ही! आधी समोरच्याला धरा. तो माझा माल कॉपी करतो!"

\*

लालबागला फुटबॉलच्या नकली जर्सी पकडल्या. पंचनाम्याला पंच मिळेना. शेवटी चाळीतले एक मालवणी काका तयार झाले. सह्या करायला पुढे आले, तर अंगात तीच जर्सी! हवालदार त्यांच्याकडे बघतच राहिला.

काका कळवळले, "अरे, माका पंच केलास, आता माकाच नागडो करतलास काय?"

\*

मॅडमचं घर वरळीला. सकाळी घरूनच व्हिडिओ मीटिंग, चार-पाच देशांचे अधिकारी. कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या. कोरियाचे अधिकारी बोलायचे थांबले. "फायर अलार्म? तुम्ही बाहेर पडा, आम्ही थांबतो!"

"नाही हो, वरण!"

मीटिंगच्या वृत्तांतात आलं, "भारताकडे आणीबाणी. कारण: वरण."

\*

एकदा मात्र कोणी हसत नव्हतं. केनियाच्या बंदरावरच्या कस्टम्स अधिकारी ग्रेसबाईंचा मेसेज आला. नकली ब्रेक-लायनर मुंबईहून येतायत, आमच्या स्कूलबसना लागतात, काहीतरी करा.

माग काढत आम्ही शिवडीच्या एका गोडाऊनमध्ये पोचलो. खोक्यांवर 'ब्रेक'चं स्पेलिंगही चुकलेलं! मालक हसत म्हणाला, "मॅडम, स्पेलिंग चुकलंय. ब्रेक बरोबर लागतो!"

"मग तुझ्या गाडीला लावू. पोरांना मागे बसव. चल, मलबार हिलच्या उतारावर जाऊ."

त्याचं हसू गेलं. थोड्या वेळाने त्यानेच सांगितलं, एक कंटेनर आधीच निघालाय. मॅडमनी तिथूनच ग्रेसबाईंना फोन लावला. कंटेनर तिकडे उतरताच अडकला. ग्रेसबाईंनी भरलेल्या स्कूलबसचा फोटो पाठवला. मॅडमनी तो सगळ्यांना दाखवला, मग चष्मा पुसत बसल्या.

\*

आणि हा क्लाउस. जर्मनीतल्या एका महागड्या बॅगांच्या कंपनीचा माणूस, पोलिसांना ट्रेनिंग द्यायला आलेला. शिलाई तिरकी, चेनवर नाव नाही, आतलं लेबल चिकटवलेलं, तर माल नकली. छान शिकवलं.

"आता अस्सल माल बघा," म्हणत त्याने स्वतःची बॅग टेबलावर ठेवली. "हे लेबल कितीही ओढा..."

लेबल त्याच्या हातात आलं!

त्याने शिलाई बघितली. चेन बघितली. कान लाल झाले.

मॅडमनी हळूच विचारलं, "सर, घेतलीत कुठून?"

"घेतली नाही," तो म्हणाला. "प्रामाणिक सेवेबद्दल कंपनीनेच दिली. चेअरमनच्या हस्ते."