बारावं विमान

लढाईच्या दिवसांत गोऱ्या साहेबाचं अख्खं हवाई दल माझ्या परवानगीनं विंझरवरून जात असे. हसू नका. टेकडीच्या माथ्यावर मी गळ्यात दुर्बीण अडकवून उभा असे, विमानं आली की हात वर करीत असे, आणि मग ती पुढं जात. हात वर केला नाही तरी गेली असती, असं काही मत्सरी लोक म्हणत. पण तसं करून बघायची वेळ मी येऊच दिली नाही.

मी मूळचा भोरचा, विंझरच्या शाळेत मास्तर. आकाशातून कोणकोणतं विमान गेलं ते ओळखून टेलिफोनवर कळवायला सरकारला माणूस हवा होता. इंग्रजी अक्षरं वाचता यावीत आणि टेकडी चढताना धाप लागू नये, अशा दोन अटी होत्या. अर्धा उमेदवार मी होतोच. नसरापूरला एका लालबुंद मानेच्या सार्जंटानं आठ दिवस शिकवलं. भिंतीवर काळ्या आकृत्या टांगल्या होत्या, वाळत घातलेल्या वटवाघळांसारख्या. एका इंजिनाचं ते लढाऊ, दोन इंजिनांचं बॉम्ब टाकणारं, पोट सुटलेलं ते माल वाहणारं, दुहेरी पंखांचं पिवळं ते शिकाऊ पोरांचं. नावं सगळी वादळांची नाहीतर राक्षसांची. आठ दिवसांत मला इतकं आलं, की नवव्या दिवशी सार्जंट मला विचारून सिगारेट पेटवायला लागला.

गावाला मी ते साहेबी खटलं समजावून दिलं. चार विमानं म्हणजे एक घर. तीन घरं मिळून बारा विमानांची एक भावकी, तिला स्क्वाड्रन म्हणायचं. चार भावक्यांचं गाव, गावांचा तालुका, आणि सगळ्यांच्या वर एक म्हातारा साहेब, ज्याला विमानात बसलं की उलटी होते. सगळ्यांना लगेच कळलं. एकानं विचारलं, "मग मास्तर, भावकीत बांधावरनं भांडणं व्हतात का वो?" मी म्हटलं, "होतात की. म्हणून तर तिन्ही घरं रात्री वेगवेगळ्या विमानतळांवर निजतात."

हे शेवटचं मात्र खरं होतं. सकाळी बारा विमानं घाट ओलांडून समुद्राकडे सरावाला जात. दुपारी आमच्या डोक्यावरून परत येत, आणि पूर्वेला गेल्यावर चार-चार करून तीन ठिकाणी उतरत. त्यामुळं एखादं मागं राहिलं तर ते शेजाऱ्याकडे उतरलं असेल असं प्रत्येकाला वाटे. घाटापलीकडून सगळी आली की नाही, हे एका नजरेत बघणारे आम्ही दोघंच.

दुसरे म्हणजे मामा. गावातले सगळे त्यांना मामाच म्हणत. साठीचे शेतकरी, डोळे असे की तोरण्यावर शेळीनं जांभई दिली तर इथून दात मोजतील. मोजायचं काम त्यांचं, ओळखायचं आणि टेलिफोनवर बोलायचं माझं. मामा खळ्यावरच्या रिवाजानं मोजत. पहिल्या विमानाला 'एक' नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन... सकाळी दर विमानामागं एक खडा डाव्या हाताला ठेवायचा, दुपारी परतणाऱ्या दर विमानामागं एकेक उचलून उजवीकडे. आणि खळ्यावर रास कितीही कमी भरो, 'कमी' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. 'भरलं' म्हणायचं. मालकानं खडे बघायचे आणि काय ते समजून घ्यायचं.

मार्गशीर्षातली दुपार होती. घाटावर धुकं आलं होतं. टेकडीवर माझ्याभोवती दहाबारा माणसं जमली होती आणि मी रंगात आलो होतो. एका वैमानिकानं विमान खाली आणून, शेपटी करंजाच्या फांदीला टेकवून, मला वेल्ह्याचा रस्ता कसा विचारला ते चाललं होतं. तेवढ्यात डोक्यावरून घरघर गेली. गोष्ट ऐन मोक्यावर आलेली. मी मान वर केली नाही. घरघर विरली तसं विचारलं, "मामा, भरलं?"

"भरलं," मामा म्हणाले. "बगून घ्या, मास्तर."

मी टेलिफोनचा दांडा फिरवला. नसरापूरच्या बाबूला सांगितलं, बारा. लोक ऐकत होते. नुसतं बारा काय सांगायचं? म्हणून जोडलं, "शेवटचं जरा मागं होतं. डावा पंख खाली झुकलेला. आमच्यावरून जाताना पंख हलवून सलाम केला." लोक खूश झाले. कुणीतरी म्हणालं, "मास्तरांना सोडून दुसऱ्या कुनाला सलाम करनार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी टेलिफोन वाजला. एक विमान तिन्हींपैकी एकाही तळावर उतरलं नव्हतं. सोबत्यांनी ते शेवटचं पाहिलं तेव्हा ते मागं पडत चाललं होतं, डावा पंख खाली. बाबू म्हणाला, "तुमचं वर्णन तंतोतंत जुळलं, साहेब लोक फार खूश आहेत. घाट ओलांडून आलं म्हणजे पूर्वेलाच कुठंतरी असणार. किकवीपासून पुढं सगळं माळरान शोधतायत."

मी खाली पाहिलं. उजवीकडे अकरा खडे. डावीकडे एक.

मामा माझ्याकडंच बघत होते. "काल बगितलं न्हाई व्हय तुमी?"

माझ्या कानाला टेलिफोन तसाच होता. बाबू पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होता. एवढंच म्हणायचं होतं, की अकरा, पश्चिमेला शोधा. आयुष्यात मी लाखाचे कोटी केले होते. बाराचे अकरा करायला जीभ वळेना. "ठीक," असं म्हणालो आणि ठेवून दिला.

"सांगा की वो," मामा म्हणाले. "मानूस हाय त्यात."

"सांगतो. आधी खात्री करू द्या. तुमचाच एखादा खडा चुकला असेल."

मामांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी शाळेची वेळ झाली म्हणून खाली उतरलो. शाळेला त्या दिवशी सुट्टी होती.

त्या दिवशी आणि त्याच्या पुढच्या दिवशी पूर्वेकडं विमानांची घरघर चालू होती. ती मला घरात ऐकू यायची, जेवताना ऐकू यायची. दोन्ही दिवस मामा एकच शब्द बोलत. "सांगितलं?" मी म्हणे, "सांगतो."

चौथ्या दिवशी वेल्ह्याच्या बाजूनं एक धनगर टेकडी चढून आला. त्याच्या हातात पांढऱ्या रेशमी कापडाची लांब पट्टी होती. घोंगडी सावरत तो खाली बसला.

"मास्तर, वर कड्याखाली एक गोरा बसलाय."

"जिवंत?" मी विचारलं.

"काल दुपारपातुर असंल. अंग अजून आखडल्यालं व्हतं. पाय मोडल्याला. छत्रीचं कापड फाडून पट्ट्या केल्याल्या, कातळावर आंथरल्याल्या. वरनं कुनाला दिसाव्या म्हून." त्यानं पट्टी माझ्यापुढं ठेवली. "पर हिकडं आलंच न्हाई की कुनी. सगळी तिकडंच फिरत व्हती."

मी टेलिफोन केला. ह्या वेळी काहीही जोडलं नाही.

चौकशीला एक तरुण अधिकारी आला. त्याच्या सोबतीला पुण्याचा दुभाष्या होता. अधिकाऱ्यानं मोजण्याची रीत विचारली. मामा पुढं झाले, "भरलं म्हनून म्या सांगितलं. काय ते मला इचारा." मी त्यांना मागं सारलं. छाती ठोकून खोटं बोलायची मला सवय, खरं बोलताना हात कुठं ठेवावेत ते कळेना. म्हणालो, "साहेब, मी वर पाहिलंच नाही. अकरा आली होती. बारावं मी तोंडानं उडवलं. मागं राहिलेलं, पंख झुकलेला, सलाम, सगळं माझ्या डोक्यातलं. आणि दुसऱ्या दिवशी मला कळलं होतं, तरी गप्प बसलो."

दुभाष्यानं सांगितलं.  अधिकारी त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलला.

दुभाष्या मला म्हणाला, "साहेब म्हणतात, तुमच्या मनाला फार लागलंय, ते त्यांना दिसतंय. पण डावा पंख झुकलेला होता, हे न बघता कुणाला सुचणार नाही. विमान इथवर आलं असणार. मग बिघाडामुळं परत फिरलं असणार. तुमचा दोष नाही."

"अहो, सुचतं!" मी ओरडलो. "मला सुचतं! गावात कुणालाही विचारा!"

अधिकाऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि वहीत लिहून घेतलं. विमान विंझरपर्यंत आलं, आणि परत फिरलं.

ते गेल्यावर मी मामांना म्हटलं, "पटलं नाही त्याला."

मामा खडे गोळा करत होते. "मंग आता हायच की ते इमान, मास्तर. तुमी उडवलं, सायबानं लिवलं. आता उतरवनार कोन त्याला?"

दोन दिवसांनी स्क्वाड्रन पुन्हा सरावाला गेली. बारावं नवीन आणलं होतं. दुपारी मी एकटाच मोजायला उभा राहिलो, मामांना बोलू दिलं नाही. बाराच्या बारा नीट पाहिली. घरघर पूर्वेला विरली. मामा म्हणाले, "गेली सगळी. कुटं बगताय आता?"

"थांबा जरा," मी म्हटलं. "ते सावकाश येतंय. डावा पंख खाली आहे त्याचा."

मामांनी वर पाहिलं नाही. डोक्याचं पागोटं उतरवून त्यांनी मांडीवर ठेवलं आणि ते विमान जाईपर्यंत माझ्याशेजारी तसेच बसून राहिले.