होडी सुटेपर्यंत

"मॅडम, आज लावतो बरं," असं म्हणत समोरचे शेजारी आमच्या चौकटीला टेकून उभे राहिले, की समजून घ्यावं, यांच्याकडे काहीतरी धास्तीचं घडणार आहे.

विश्रांतवाडीत आमची दारं समोरासमोर. ते मूळचे यवतमाळकडचे, इथल्या एका कारखान्यात तयार माल तपासायचे. दिवसभर मालातले दोष शोधायचे आणि घरी येऊन नशिबातले. कुलूप लावून खाली गेलेला हा माणूस ते ओढून बघायला पुन्हा वर आला नाही, असं मला तरी आठवत नाही.

लावायचा तो एक जुना काळापांढरा सिनेमा. नदीला पूर, नावाडी तापाने फणफणलेला, वैद्य पलीकडच्या काठाला. नावाड्याच्या बायकोने कधी वल्हं धरलेलं नाही, तरी ती होडी पाण्यात घालते. होडीने काठ सोडला की हे टीव्ही बंद करत. बघताना दार सताड उघडं, त्यामुळे सगळ्या मजल्याला बातमी कळायची. आवाज आला की मी चहा घेऊन जायची. तशी रीतच पडून गेली होती.

"अहो, पुढे तिचं काय होतं?" मी एकदा विचारलं.

"मले काय माहीत? गावात पडद्यावर दाखवत होते, तिथंच लाइट गेली. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. पास झालो ना बाप्पा. तवापासून पुढचं पाहतच नाही."

"बघावंसं वाटत नाही?"

"एकडाव डोंगा सुटला पायजे, मॅडम. पुढचं आपल्या हातात कुठं हाय?"

होडीला ते डोंगा म्हणत. मुलीच्या लग्नाची बोलणी असोत की कारखान्यातल्या कामगारकपातीची कुजबुज, डोंगा सोडल्याशिवाय हे घराबाहेर पडत नसत. दाढ काढायची होती तेव्हासुद्धा सिनेमा लागला. "एका दाढेसाठी एवढा पूर?" मी म्हटलं. ते गाल धरून बसले होते, हसले नाहीत.

त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, हृदयाची झडप बदलायची ठरली तेव्हा मात्र मला थट्टा सुचली नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बाकावर आम्ही दोघं. सिनेमा त्यांच्या मोबाइलवर, इअरफोनची एक वायर त्यांच्या कानात, एक माझ्या. होडीने काठ सोडला. त्यांचा अंगठा हललाच नाही. नजर त्या बंद दारावर खिळलेली. होडी मधल्या धारेला लागली तसा मी घाईघाईने पडद्यावर तळहात ठेवला.

त्यांनी खाली पाहिलं आणि ते पांढरेफटक पडले. आपल्या आणि माझ्याही कानातली वायर ओढून काढली.

"किती पुढं गेलं?"

"थोडंसंच."

"बुडाली तं नाही ना?"

"नाही हो. वल्हवतेय अजून."

सिनेमा बंद करायला हात उचलावा लागला असता. तो मी उचलला नाही. हाताखाली काय चाललंय ते आम्हाला कळत नव्हतं, आणि दाराआड काय चाललंय तेही. शेवटी डॉक्टर बाहेर आले, सगळं नीट झालं म्हणाले. हे अर्धवट उठले आणि पुन्हा खाली बसले.

"हात नका काढू, मॅडम," एवढंच म्हणाले.

वहिनी ठणठणीत बऱ्या झाल्या. गेले ते हेच. मागच्या उन्हाळ्यात, दुपारी जेवून आडवे झाले आणि झोपेतच गेले. जन्मभर धास्तावलेल्या माणसाला शेवटी भ्यायला वेळच मिळाला नाही. सिनेमाही लावला नव्हता. मला त्याचं वाईट वाटतं, आणि कुठेतरी बरंही वाटतं.

माझ्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेलाय. उद्या कळेल. आज संध्याकाळी मी तोच सिनेमा शोधून लावला आणि दार उघडं ठेवलं. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यातून जाताना म्हणाले, "आमच्याकडे व्यवस्थित ऐकू येतंय, आवाज आणखी मोठा करायची तसदी घेऊ नका."

समोरचं दार उघडलं. वहिनी दोन कप चहा घेऊन आल्या आणि काही न विचारता माझ्याशेजारी बसल्या. नावाड्याच्या बायकोने होडी ढकलली. मी रिमोट उचलला, पण बोटं अशी आखडली होती की बटण सापडेना. वहिनींनी तो माझ्या हातातून घेतला आणि टीव्ही बंद केला.

"सुटला डोंगा," त्या म्हणाल्या. "चहा घ्या, ताई. उद्या मी हाय ना संग."