यानप्रमुखाचा सोमवार

माणूस चंद्रावर जाऊन आला होता, आभाळात घर टांगून महिना-महिना राहत होता, आणि आमच्या शाळेच्या संडासाला मात्र बांधल्या दिवसापासून कुलूप होतं. किल्ली हेडसरांच्या खिशात. उघडला तर घाण होईल, घाण झाली तर काढणार कोण, म्हणून उघडायचाच नाही, असा त्यांचा सरळ कारभार. मुली दुपारच्या सुट्टीत घरी जात आणि त्यातल्या निम्म्या परत येत नसत. हेडसर त्याला मुलींची अभ्यासातली नावड म्हणत.

वाटूरपासून दोन कोसांवरची ही शाळा. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता आणि मी नुकताच नोकरीला लागलो होतो. स्टाफमध्ये बी.एस्सी. झालेला मी एकटा, पण माझी नोकरी कच्ची होती. ती पक्की करायचा कागद हेडसरांच्या टेबलाच्या खणात पडून होता आणि तो तिथं आहे हे ते मला आठवड्यातून दोनदा तरी सांगत.

त्या वर्षी परतूरच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या शाळेनं अंतराळप्रवास मांडायचा ठरवला. हेडसरांनी सगळ्यांना बसवून कामं वाटली. अग्निबाण गणिताच्या सरांकडे गेला. त्यांचा अग्निबाणाशी संबंध दिवाळीपुरता होता. चंद्र चित्रकलेच्या सरांकडे. प्रवाशांचं जेवण हेडसरांनी स्वतःकडे ठेवलं. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आन् त्या लोकांचं ते परसाकडचं, कचरा-बिचरा, ते तुमी करा सर. तुमाला बराबर जमंल."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. सगळ्यांना ती वाटणी इतकी रास्त वाटली की गणिताच्या सरांनी लगेच चहा सांगितला. पृथ्वी सोडून लाखो मैल वर गेलं तरी कोणी काय करायचं हे आमच्या गावाच्या वेशीवरच ठरणार होतं. माझे कान तापले, पण खणातला कागद आठवून मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

कारण असलं काम पुन्हा आमच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठीच माझ्या बानं जन्म घालवला होता. छप्पन साली आमच्या वस्तीनं धम्म स्वीकारला, त्या दिवसापासून त्यानं गावची मेलेली ढोरं ओढणं सोडलं. गावानं वर्षभर त्याला मजुरीला बोलावलं नाही. तो सडकेवर खडी फोडायला गेला, पण ढोराला हात लावला नाही. मी शिकलो तो त्या खडीवर.

संध्याकाळी घरी जाऊन मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, "उद्या नाही म्हणतो. नोकरी गेली तर गेली."

बा दारात बसून विळ्याला धार लावत होता. त्यानं विचारलं, "वर गेल्यावर ते काढतं कोन?"

"ज्याचं त्यानंच. तिथं दुसरं असतं कोण?"

"त्यांच्यात बडा साहेब असंल की."

"असतो. त्याचंही त्यानंच."

विळा थांबला. "मंग न्हाई कशाला म्हनून राह्यला? हेच दाखव की लोकाला."

मग मी कामाला लागलो. जुन्या वर्तमानपत्रांतून आणि जालन्याहून आणलेल्या दोन मासिकांतून जेवढं कळलं तेवढं घेतलं. आभाळातल्या त्या घरात माणसं आपला मळ पिशवीत धरतात, तापवून वाळवतात, सीलबंद ठेवतात, हे छापून आलेलं होतं. पुढचं मी माझ्या डोक्यानं जोडलं. मंगळाला जायचं तर वर्षं लागतील. तेवढा कचरा ठेवणार कुठं आणि पाणी आणणार कुठून? म्हणून मळातलं पाणी काढून, गाळून पुन्हा प्यायचं, उरलेल्याचं खत करायचं आणि त्यावर भाजी पिकवायची. मी तेलाचे दोन डबे घेतले, सायकलची ट्यूब आणि तापवायला एक बल्ब जोडला, आणि शेवटी ताटलीत मेथी उगवून ठेवली. मळाच्या जागी शेळीच्या लेंड्या घातल्या. त्या बघून हेडसर दोन पावलं मागं सरले. "साहेब येनार हायेत. लेंड्या काढा. गुळाचे खडे ठिवा."

गुळाचे खडे ठेवले. बल्ब पेटल्यावर ते पाघळले आणि परतूरच्या तमाम मुंग्या आमच्या यानात चढल्या. प्रदर्शनाला आलेल्या शिक्षणखात्याच्या साहेबांनी मुंग्यांकडे दुर्लक्ष केलं. ते माझ्या शेजारच्या तक्त्यापाशी थांबले. त्यावर मी यानातल्या सफाईचे वार लिहिले होते : सोमवार यानप्रमुख, मंगळवार गणिती, बुधवार चित्रकार, गुरुवार वैज्ञानिक. पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून.

"प्रमुखाचाही वार?" साहेब खूश झाले. "मग तुमच्या शाळेत हे कसं चालतं?"

पहिलं बक्षीस नजरेच्या टप्प्यात होतं. हेडसरांना राहवलं नाही. "असंच साहेब, बिलकुल असंच. सोमवार माझा."

"छान. बक्षीस तुमचंच. पुढच्याच्या पुढच्या सोमवारी मी शाळेत येतो. बघायचंय मला."

परतीच्या एस.टी.त हेडसर बक्षिसाची ढाल मांडीवर घेऊन बोटांवर सोमवार मोजत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुलूप काढलं आणि मुली पहिल्यांदा दुपारनंतरही वर्गात दिसल्या. पहिल्या सोमवारी हेडसरांच्या पोटात कळ आली. त्यांनी रजेचा अर्ज लिहिला, प्रमुख या नात्यानं स्वतःच मंजूर केला आणि घरी गेले. मंगळवारी तीच कळ गणिताच्या सरांना आली, बुधवारी चित्रकलेच्या. गुरुवारी मी माझा वार केला. बा म्हणाला होता, "तुझा वार तू कर. दुसऱ्याच्या वाराला हात लावू नको."

शनिवारी हेडसरांनी मला खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि खण उघडून तो कागद टेबलावर ठेवला. "सोमवारी सकाळी जल्दी या, तेवढं करून टाका. साहेब आल्यावर मी बादली धरून उभा ऱ्हातो. मंगळवारी या कागदावर सही करतो. काय?"

मी उद्या सांगतो म्हणालो. घरी येऊन आधी त्या पोटातल्या कळेची नक्कल केली, बा हसेल म्हणून. तो हसला नाही.

"मी आठ वर्साचा व्हतो," तो म्हणाला. "पैल्यांदा ढोर वढायला नेलं तवा माझ्या बी पोटात अशीच कळ आल्ती. वकलो. थोरल्या भावानं पाठीत घातली आन् म्हनला, धर शेपूट. आमच्या कामाला रजा नव्हती."

त्यानं हे आजवर कधी सांगितलं नव्हतं. मी उठून कागद घेतला आणि अर्ज लिहिला.

'माझ्या वडिलांना वयाच्या आठव्या वर्षापासून त्यांच्या कामातून एकही रजा मिळालेली नाही. ती शिल्लक रजा मी सोमवारी घेत आहे. तरी मंजूर व्हावी.'

रविवारी हेडसरांच्या घरी जाऊन अर्ज दिला. त्यांनी दोनदा वाचला. तांबड्या शाईनं शेरा मारला आणि कागद माझ्या अंगावर टाकला. "उद्या हजर ऱ्हायचं. आन् कायम व्हायचं इसरा."

रजा नामंजूर झाल्यामुळे सोमवारी मी हजर होतो, जल्दी नाही, शाळेच्या वेळेलाच, आणि हजर असल्यामुळे मला बघायला मिळालं. साहेब वेळेच्या तासभर आधीच आले. हेडसर नाका-तोंडाला उपरणं गुंडाळून, धोतर गुडघ्यावर खोचून, जणू यानाबाहेर पाऊल टाकायचं आहे अशा बेतानं आत गेले. बाहेर येऊन त्यांनी खराटा कुठं असतो ते विचारलं. मी सांगितलं, "दाराआड." वर्गांच्या खिडक्यांत सगळी शाळा उभी होती.

कायम व्हायला मला पुढं दोन वर्षं जास्त लागली. त्या दिवशी संध्याकाळी मी बाला तो अर्ज दाखवला. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून तांबडी शाई वाचून दाखवली : 'अशी रजा नियमात बसत नाही.'

बानं कागद हातात घेऊन उलटा-सुलटा करून पाहिला.

"तेच तर सांगून राह्यलो मी तुला," तो म्हणाला.