डोणीचा घासलेला काठ

नामाकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरबाडला शाळेत शिकवायला निघालो होतो. त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, म्हणाला, "दादा, आप्पा गेले रे... डोण भरून आले, ओटीवर टेकले, ते उठलेच नाय." डोण म्हणजे आमच्या वाडीबाहेर, नाणेघाटाच्या जुन्या वाटेवरचं दगडी कुंड. चरायला जाणाऱ्या गुरांसाठी काका उन्हाळाभर त्यात रोज दोन हंडे पाणी ओतायचे. डोणीचं नाव ऐकलं आणि रडू येण्याआधी मला लाज वाटली.

घरातला मी पहिला पदवीधर. कॉलेजच्या पहिल्या वर्षी काका मला एसटीसाठी धसईपर्यंत चालत सोडायला यायचे. वाटेत सांगायचे, इथे तांडे उतरायचे, कोकणातलं मीठ बैलांवर लादून घाटावर जायचं, आपले पणजोबा त्या बैलांमागे चालायचे. मी इतिहास शिकायला निघालो होतो आणि माझं लक्ष एसटी चुकेल की काय, याकडे.

पुढे डोणीपाशी माहितीफलक लावायचं वाडीत ठरलं. शिकलेला म्हणून मजकूर माझ्याकडे आला. मी लिहिलं, 'या कुंडात राजाच्या घोड्याने पाणी प्यायले.' कुठला राजा, मलाच ठाऊक नव्हतं. बैलांमागे चालणाऱ्यांची आपण पणतवंडं, हे चारचौघांत लिहायला नको वाटलं, एवढंच खरं.

काकांना वाचता येत नव्हतं. त्यांनी फलक माझ्याकडूनच वाचून घेतला. मग माझा हात धरून डोणीच्या काठावरून फिरवला. काठ जागोजाग खोल घासलेला.

"हा कशानं घासलाय, सांग. घोड्याला शिंगं असतात काय रे, मास्तर?"

सगळे हसले. मीही हसलो. "बदलतो, काका."

दर सुट्टीत विचारायचे, "घोडा गेला का नाय रे अजून?" दर सुट्टीत मी म्हणायचो, पुढच्या खेपेला...

तेराव्यानंतर रंगाचा डबा घेऊन गेलो. वाडीतली पोरं म्हणाली, "सर, राजा राहू द्या ना. लोक फोटो काढतात." मी ती ओळ पुसली. ज्यांनी आधी वाचली असेल त्यांना इथे सांगतो, तिथे घोडा नव्हता. मीठ वाहणारे बैल होते, आणि आमची माणसं.

मग दोन हंडे पाणी ओतलं. शेजारचा बैल आला, त्यानं मान खाली घातली, आणि शिंग काठावर घासलं... मी हंडा खाली ठेवून ऐकत राहिलो.